उंदराला काय विचारावं

घंटा वाजते. थोड्या वेळाने पिंजऱ्याच्या तळातल्या तारांतून विजेचा झटका येतो. वर लोंबणारी दोरी धरून चढलं की झटका चुकतो. पांढरा उंदीर हे लवकरच शिकतो आणि मग झटक्याची वाट न पाहता घंटेलाच दोरीवर चढू लागतो. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या रोन-पूलँक कंपनीच्या प्रयोगशाळेत सिमोन कूर्व्हाझिए यांनी अशा शिकून तयार झालेल्या उंदरांना एक नवं रसायन दिलं. पॉल शार्पांतिये यांनी ते १९५०च्या डिसेंबरात बनवलं होतं, पुढे ते क्लोरप्रोमॅझिन म्हणून जगभर गेलं. औषध भिनल्यावर घंटा वाजली, तरी उंदीर जागचा हलेना. झोपला म्हणावं तर जागा होता. पाय गेले म्हणावं तर झटका बसताच सरसर दोरी चढला. त्याला ऐकू येत होतं, दुखत होतं, चढताही येत होतं. घंटेतला धाक तेवढा निघून गेला होता.

हे औषध माणसांपर्यंत पोहोचलं ते मात्र उंदराच्या शिफारशीने नव्हे. आंरी लाबोरी हे नौदलातले शल्यचिकित्सक शस्त्रक्रियेनंतर शरीराला बसणाऱ्या धक्क्यावर उपाय शोधत होते. हे रसायन दिलेला रुग्ण शुद्धीत असतो, पण आजूबाजूच्या गोष्टींशी त्याचं जणू देणंघेणं उरत नाही, हे त्यांना दिसलं आणि ते मनोविकारतज्ज्ञांच्या मागे लागले. १९५२मध्ये पॅरिसच्या सँत-आन रुग्णालयात झाँ दले आणि पिएर दनिकेर यांनी ते मनोरुग्णांना दिलं. त्याआधी स्किझोफ्रेनियावर उपाय म्हणजे विजेचे झटके, इन्सुलिनने आणलेली बेशुद्धी, नाहीतर कुलूपबंद खोली.

पुणे-ठाण्याच्या स्वमदत गटांत रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. औषध लागू पडलेले अनेक शुभार्थी ‘आवाज थांबले’ असं म्हणत नाहीत. आवाज येतात, पण आता ते अंगावर येत नाहीत, अशा अर्थाचं काहीतरी सांगतात. शितिज कपूर या भारतीय वंशाच्या मनोविकारतज्ज्ञांनी २००३मध्ये यावर एक मांडणी केली. डोपामिन हे मेंदूतलं रसायन एखाद्या गोष्टीला महत्त्वाचा शिक्का मारतं. आजारात तो शिक्का भलत्याच गोष्टींवर बसू लागतो. शेजाऱ्याचं खाकरणं, टीव्हीवरच्या निवेदिकेची नजर, रस्त्यावर पडलेला कागद, सगळंच आपल्यासाठी काही सांगत असल्यासारखं वाटतं. औषध ते विचार पुसत नाही, त्यांच्यावरचा शिक्का फिकट करतं. कूर्व्हाझिएंच्या उंदराला घंटा ऐकू येत होती, पण ती आता त्याच्यासाठी वाजत नव्हती.

या गोष्टीतला उंदीर आजारी नव्हता, हे मात्र नजरेतून निसटता कामा नये. तो ठणठणीत होता. औषध मेंदूत शिरून काय करतं हे त्याने चोख सांगितलं, स्किझोफ्रेनिया म्हणजे काय हे सांगितलं नाही आणि त्याला कुणी विचारलंही नव्हतं. प्राणी हा औषधाचा उत्तम साक्षीदार आहे आणि आजाराचा फार कच्चा, असं माझं मत आहे. गेल्या सत्तर वर्षांत या क्षेत्रात जे कोट्यवधी डॉलर बुडाले, त्यांतले बरेचसे हा फरक विसरल्यामुळे बुडाले.

औषधाचा साक्षीदार म्हणून प्राणी किती खरा बोलतो, याचा पुरावा आपल्या सर्पगंधेशी जोडलेला आहे. वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर ही मुळी चालते, असं गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१मध्ये लिहून ठेवलं होतं. १९४९मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचा अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि पाश्चात्त्य जगाचे कान टवकारले. १९५२मध्ये स्विस कंपनी सिबाने मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं, दोन वर्षांत अमेरिकेतल्या मनोरुग्णालयांत ते वापरलं जाऊ लागलं. मग स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं. ससे कान पाडून दगडासारखे बसले. त्यांना एल-डोपा टोचल्यावर थोड्याच वेळात कान ताठ झाले, ससे हालचाल करू लागले. १९५७च्या या प्रयोगातून डोपामिन हे मेंदूतलं स्वतंत्र निरोप्या रसायन आहे हे पुढे आलं, पार्किन्सनच्या उपचाराची वाट सापडली आणि २०००मध्ये कार्लसन यांना नोबेल मिळालं. इथेही ससा कशाचीच नक्कल करत नव्हता. त्याला सरळ प्रश्न विचारला आणि त्याने सरळ उत्तर दिलं.

घोळ पुढे झाला. क्लोरप्रोमॅझिन आणि त्यामागून १९५८मध्ये बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत बनलेलं हॅलोपेरिडॉल ही औषधं दिली की उंदीर ताठरतो. पुढचे दोन पाय आडव्या दांडीवर ठेवले की तो तसाच राहतो, आणि पाय किती वेळाने खाली घेतो हे घड्याळ लावून मोजता येतं. स्वस्त आणि पटकन होणारी परीक्षा. रसायनशास्त्रज्ञ डझनांनी नवी रसायनं आणून देत असताना अशी परीक्षा कुणाला नको असेल? हळूहळू ताठरणं हीच मनोविकारविरोधी औषधाची ओळख ठरली. जे उंदराला ताठर करत नाही, ते औषधच नाही! या ताठरण्याचा माणसातला अवतार प्रत्येक शुभंकराने पाहिलेला आहे. हात न हलवता चालणं, कोरा चेहरा, थरथर, एका जागी बसवत नाही म्हणून रात्रभर घातलेल्या येरझाऱ्या. गोळ्या बंद करण्यामागे अनेकदा हेच कारण असतं. म्हणजे दुष्परिणामालाच गुणवत्तेची खूण समजून औषधं निवडली जात होती.

क्लोझापिनने ही खूण खोटी पाडली. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरातल्या वांडर कंपनीत १९५०च्या दशकाच्या शेवटी ते बनलं. दांडीच्या परीक्षेत ते सपशेल नापास झालं, उंदीर ताठरेना. माणसांत मात्र गुण येत होता, आणि तोही अंग न आखडता. नियमावर बोट ठेवणाऱ्यांना हे पटणं जड गेलं. १९७५मध्ये फिनलंडमध्ये पांढऱ्या पेशी घटून या औषधावरचे आठ रुग्ण दगावले आणि ते बहुतेक ठिकाणी मागे पडलं. १९८८मध्ये जॉन केन आणि सहकाऱ्यांनी इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांवर ते पुन्हा तपासलं. क्लोरप्रोमॅझिनवर सुमारे ४ टक्के सुधारले, क्लोझापिनवर ३० टक्के. हट्टी आजारावर आजही याच्या तोडीचं औषध नाही, आणि उंदराच्या दांडीवर भरवसा ठेवला असता तर ते कपाटातच राहिलं असतं. गंमत म्हणजे कूर्व्हाझिएंच्या दोरीच्या परीक्षेत क्लोझापिन उत्तीर्ण होतं. दोरी आणि दांडी दोन्हींत उंदीरच होता, पण दांडीवर त्याला औषधाच्या दुष्परिणामाविषयी विचारलं होतं आणि दोरीवर औषधाच्या कामाविषयी.

तरी या सगळ्या परीक्षांमध्ये एक चक्र लपलेलं होतं. परीक्षा ठरल्या पहिल्या औषधांवरून, आणि नवी औषधं निवडली गेली त्या परीक्षांवरून. अॅम्फेटामिन देऊन सैरभैर केलेला उंदीर शांत होतो का पाहायचं. अॅम्फेटामिन डोपामिन वाढवतं, म्हणून डोपामिन अडवणारं रसायन पास होणारच. १९७५-७६मध्ये फिलिप सीमन आणि सॉलोमन स्नायडर यांच्या गटांनी दाखवून दिलं की औषध डोपामिनच्या डी-टू ग्राहकाला (रिसेप्टरला) जितकं घट्ट चिकटतं, तितका त्याचा रुग्णाला लागणारा डोस कमी. ते संशोधन महत्त्वाचंच होतं, पण त्याने चक्राला कुलूप लागलं. सोनाराच्या कसोटीवर मोती घासला तर तो खोटाच ठरतो. पुढची तीसएक वर्षं बाजारात येत गेलेली औषधं एकाच घरातली भावंडं होती, काही जाडी वाढवणारी, काही हात थरथरवणारी. हरवलेली इच्छा, माणसांतून उठून जाणं, लक्ष न लागणं, वाचलेलं डोक्यात न राहणं यांना त्यांतलं एकही भिडलं नाही. मुलाला नोकरी टिकवता येत नाही ती बहुतेकदा याच लक्षणांमुळे, आवाजांमुळे कमी.

या चक्रातून बाहेर पडायचा प्रामाणिक प्रयत्नही झाला. फेन्सायक्लिडिन हे भुलीचं औषध निरोगी माणसात स्किझोफ्रेनियासारखी अवस्था आणतं, हे १९५९मध्येच नोंदलं गेलं होतं. ते ग्लुटामेट नावाच्या दुसऱ्या निरोप्या रसायनाच्या वाटेत अडथळा आणतं, हे पुढे कळलं. मग उंदराला फेन्सायक्लिडिन द्यायचं आणि ते उतरवणारं औषध शोधायचं. १९९८मध्ये बिता मोघद्दम आणि बार्बरा अॅडम्स यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं की ग्लुटामेटचा पूर आवरणाऱ्या एका रसायनाने उंदराची ही झिंग ओसरते. लिली कंपनीने त्याच जातीचं पोमाग्लुमेटॅड बनवलं. दोरीच्या परीक्षेतही ही जात उतरली होती. २००७मध्ये रुग्णांवरच्या चाचणीत ते ओलान्झापिन या रूढ औषधाच्या बरोबरीचं वाटलं आणि नवं युग आल्याच्या बातम्या झाल्या. पण पुढच्या चाचण्यांत ते टिकलं नाही आणि २०१२मध्ये लिलीने त्याचा गाशा गुंडाळला. ग्लुटामेटच्याच दुसऱ्या टोकाला हात घालणारं रॉशचं बिटोपर्टिन २०१४मध्ये पडलं, त्याच कुळातलं बोरिंगर इंगेलहाइमचं इक्लेपर्टिन २०२५च्या जानेवारीत.

इथे उंदराला खोटं ठरवणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. फेन्सायक्लिडिनची झिंग उतरते का, एवढंच त्याला विचारलं होतं. उतरते, असं त्याने खरंच सांगितलं. तासाभरापूर्वी टोचलेल्या रसायनाने गोल फिरणारा उंदीर आणि दहावी-बारावीपासून हळूहळू स्वतःत मिटत गेलेला, विशी-बाविशीत पहिल्यांदा आवाज ऐकू आलेला मुलगा, या दोघांमध्ये आपण बरोबरीचं चिन्ह टाकलं.

काळाचा हा प्रश्न ओळखून एक अधिक हुशार प्रयोग बार्बरा लिप्स्का आणि डॅनियल वाइनबर्गर यांनी १९९३मध्ये मांडला. उंदराच्या सात दिवसांच्या पिलाच्या मेंदूत हिप्पोकॅम्पसच्या एका भागाला इजा करायची आणि वाट पाहायची. पिलू लहानपणी बरंचसं ठीक वाटतं, वयात आलं की त्याचं वागणं बिघडतं. माणसातल्या आजाराचा जन्माजवळचा घाव आणि तारुण्यातला स्फोट यांचं ते ठसठशीत चित्र होतं. पण या कथेचा पुढचा भाग मला अधिक बोलका वाटतो. २०१५मध्ये लिप्स्का यांच्या स्वतःच्या मेंदूत कर्करोगाच्या गाठी आढळल्या. त्यांचा स्वभाव बदलला, संशय वाढला, ओळखीचे रस्ते हरवले. आणि मनोविकारांत मेंदूचं काय होतं यात आयुष्य घालवलेल्या या बाईंना आपलं काही बिघडलं आहे हे तेव्हा कळलंच नाही. ते घरच्यांना दिसत होतं. बऱ्या झाल्यावर २०१८मध्ये त्यांनी यावर पुस्तक लिहिलं. आपण आजारी आहोत हे न कळणं हा स्किझोफ्रेनियाचा गाभ्यातला भाग आहे. घरातली अर्धी भांडणं, लपवलेल्या गोळ्या, चहात मिसळलेली औषधं, सगळं त्यातूनच येतं. उंदरात ते मोजायचं कसं? त्याला बरं असतानाही आपण उंदीर आहोत हे सांगता येत नाही.

जनुकांच्या वाटेने आशा होती. एका स्कॉटिश कुटुंबात सापडलेला डिस्क-वन, २२व्या गुणसूत्राचा तुटलेला तुकडा, २०१६मध्ये गाजलेलं सी-फोर, या सगळ्यांचे उंदीर बनले. पण त्या स्कॉटिश कुटुंबात तोच दोष असलेल्या कुणाला स्किझोफ्रेनिया होता, कुणाला नैराश्य, कुणाला काहीच नाही. माणसातच जे निश्चित नाही ते उंदरात निश्चित कसं होईल? जनुक काय काम करतं हे असे उंदीर सांगतात, ते सांगणं मोलाचंही आहे. त्यांच्या पिंजऱ्यावर ‘स्किझोफ्रेनिया’ अशी चिठ्ठी लावली की तेवढ्यापुरती शास्त्राची भाषा जाहिरातीची होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनेही २०१९मध्ये संशोधकांना जवळजवळ हेच बजावलं. प्राण्याला अख्ख्या मनोविकाराची प्रतिकृती म्हणू नका, नेमकी कुठली मेंदूप्रक्रिया तपासता ते लिहा.

यावर एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. दोष प्राण्यांना का, माणसांवरच्या चाचण्याच बिघडलेल्या आहेत. उलोटारॉन्ट या नव्या औषधाचं उदाहरण घ्या. ते शोधताना कुठलाही ग्राहक आधी ठरवला नव्हता. कॅमेऱ्यांनी भरलेल्या पेटीत उंदीर सोडायचा, त्याच्या हालचालींच्या असंख्य नोंदी संगणकाने वाचायच्या आणि जुन्या औषधांसारखी सही कुठल्या रसायनाची उमटते ते पाहायचं. २०२०मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये त्याचं यश छापून आलं. २०२३मध्ये दोन मोठ्या चाचण्यांत ते पडलं, कारण नुसती खोटी गोळी घेतलेले रुग्णही भरपूर सुधारले. २०२४च्या नोव्हेंबरात अॅबव्हीच्या एम्राक्लिडिनचं तेच झालं. ज्या कंपनीचं ते औषध होतं, ती अॅबव्हीने सुमारे ८७० कोटी डॉलरला घेतली होती. चाचणीत आलं की रोज कुणीतरी विचारपूस करतं, ऐकून घेतं, आणि खोट्या गोळीवरही माणूस सावरतो. हा माणुसकीचा गुण आकडेवारीच्या मुळावर येतो. तेव्हा आक्षेप खरा आहे. पण तो प्राण्यांच्या परीक्षेला निर्दोष ठरवत नाही. नव्या रसायनाची सही जुन्या औषधाशी ताडून पाहणं ही तीच कसोटी झाली, फक्त संगणक लावलेली.

याच काळात एक औषध खरोखर चक्राबाहेरून आलं, आणि त्याचा प्रवास पाहण्यासारखा आहे. झॅनोमेलिन १९९०च्या दशकात अल्झायमरसाठी तपासलं जात होतं. ते डोपामिनच्या ग्राहकाला हात लावत नाही, अॅसिटिलकोलिनच्या मस्कॅरिनिक ग्राहकांवर काम करतं. स्मृतीपेक्षा त्या वृद्ध रुग्णांचे भास आणि संशय कमी झालेले दिसले. पोट मात्र इतकं बिघडायचं की औषध बाजूला पडलं. तो धागा मग प्राण्यांकडे नेला गेला. दोरीसारख्या परीक्षांत ते उतरलं, ग्राहक काढून टाकलेल्या उंदरांवरून कुठला ग्राहक काय करतो ते उलगडलं. २००८मध्ये २० रुग्णांची छोटी चाचणी झाली. मेंदूत न शिरणारं, लघवीच्या त्रासावरचं जुनं ट्रोस्पियम जोडीला देऊन पोटाचा प्रश्न आटोक्यात आणला गेला आणि २६ सप्टेंबर २०२४ रोजी अमेरिकेत या जोडगोळीला मान्यता मिळाली. आजाराबद्दलचा पहिला सुगावा माणसाने दिला आणि औषधाबद्दलची उलटतपासणी प्राण्याने केली. क्लोरप्रोमॅझिनच्या वेळीही आजाराबद्दलचा सुगावा लाबोरींच्या रुग्णांकडूनच मिळाला होता.

म्हणून सगळे पिंजरे उद्या रिकामे करा, असं मी म्हणणार नाही. अमेरिकेने २०२२मध्ये कायद्याने आणि भारताने २०२३मध्ये नियमांत बदल करून प्राण्यांखेरीज इतर मार्गांना वाट मोकळी केली, ते बरंच झालं. पण मूलपेशींपासून वाढवलेल्या मेंदूच्या गोळ्याला तर शेपूटही नसतं, तो वागणार काय? आपल्याकडे १९६०चा प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि त्याखालची समिती विचारते की प्राण्याला किती वेदना होईल. मी त्याआधीचा प्रश्न विचारीन. ज्या प्रश्नाचं उत्तर प्राण्याकडे असूच शकत नाही, त्यासाठी दिलेली वेदना थोडी असली तरी कुठल्या खात्यात मांडायची?

आणि नेमका प्रश्न विचारला तर उंदीर अजूनही चकित करतो. २०२१मध्ये कॅथरिना श्मॅक, अॅडम केपेक्स आणि सहकाऱ्यांनी उंदरांना खरखरीत आवाजात दडलेला एक सूर ओळखायला शिकवलं. सूर ऐकू आला तर एका छिद्रात नाक घालायचं, नाही आला तर दुसऱ्यात, आणि मग पाण्याच्या थेंबाची वाट पाहायची. थेंब कधी लवकर येतो, कधी उशिरा. उंदराला आपल्या उत्तराची खात्री असेल तर तो अधिक वेळ थांबतो, नसेल तर निघून जातो. म्हणजे त्याची खात्री सेकंदांत मोजता येते. आता सूर वाजलेलाच नाही, तरी उंदीर ‘वाजला’च्या छिद्रात नाक घालून चिकाटीने थांबून राहतो, असे प्रसंग संशोधकांनी वेगळे काढले. फेन्सायक्लिडिनच्याच जातीचं केटामिन दिलं की ते वाढले, हॅलोपेरिडॉलने कमी झाले. अशा खोट्या सुराच्या आधी मेंदूच्या स्ट्रायटम भागात डोपामिन चढलेलं दिसलं. हाच खेळ संगणकावर माणसांना दिला, तेव्हा एरवीही भास होतात असं सांगणाऱ्यांकडून खात्रीपूर्वक खोटे सूर जास्त आले.

या उंदराला कुणी स्किझोफ्रेनिक म्हटलेलं नाही. खेळ उंदराला आणि माणसाला एकच आहे, मोजमापही एकच. अर्थात हॅलोपेरिडॉलने भास कमी होणं ही जुन्याच कसोटीवरची रेघ आहे. तिच्यापलीकडचं औषध या पेटीत काय करतं, ते अजून पाहायचं आहे. उंदीर मात्र न वाजलेल्या सुराच्या भरवशावर, छिद्रापाशी नाक लावून थेंबाची वाट पाहत उभा असतो.